बाहीवरचा रफू

रफूकाकूंच्या कामाचं कोणी कौतुक केलं की त्यांचा चेहरा पडायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने कोट खिडकीच्या उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि म्हटलं, "हा बघा, इथे केलाय ना? काय सुरेख केलाय हो!" काकूंनी तो कोट त्याच्या हातातून काढून घेतला आणि "उद्या या" म्हणून त्याची बोळवण केली. दिसला म्हणजे बिघडला. रफूची सगळी अब्रू न दिसण्यात असते. लोकांच्या कोटांना, शालींना, पँटींच्या गुडघ्यांना काकूंनी आयुष्यभर असे रफू करून दिले. ते कपडे रस्त्यांतून, कचेऱ्यांतून, दवाखान्यांच्या बाकांवरून हिंडले, झिजले आणि एक दिवस फडकी होऊन गेले. गावभर आपलीच माणसं वावरावीत आणि एकानेही ओळख दाखवू नये, तसं ते होतं. त्याचं काकूंना दुःख नव्हतं, उलट गंमतच वाटायची.

फक्त एका शर्टाचं पुढे काय झालं, तेवढं त्यांना कळायला हवं होतं.

त्यांची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खालच्या इस्त्र्यांची ऊब फळ्यांमधून वर यायची, त्यामुळे थंडीत गल्लीतली मांजरं आणि शेजारणी काही ना काही निमित्त काढून काकूंकडे येऊन बसत. खिडकीला लागून टेबल. टेबलावर केसासारख्या बारीक सुया, बोटभर कात्री आणि एक जळालेला विजेचा बल्ब. हा बल्ब बाहीत घालायचा, फाटलेला भाग त्याच्या गोलाईवर ताणून धरायचा. मग त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढलेला दोरा एक वर, एक खाली असा विणत न्यायचा, उभा आणि मग आडवा. बाहेरचा दोरा काकू वापरत नसत. "ज्याचं त्याच्यातूनच भरायचं," असं म्हणत.

त्यांचे यजमान बसवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बस काही त्यांच्या तोंडातून उतरली नव्हती. जेवायला बसताना "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे," आणि नात उंबऱ्यात रेंगाळली की "दारात उभं राहायचं नाही, धक्का लागेल." काकू कशावरून तरी ताठल्या की मात्र काकांचं ठेवणीतलं वाक्य निघायचं, "हळू बोला रे, आपल्या घरात सिनेमातली मंडळी राहतात."

हे सिनेमाचं प्रकरण चाळीसएक वर्षं जुनं होतं आणि घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. सून लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिने ते दोन वेळा ऐकलं, एकदा सासूकडून आणि एकदा सासऱ्यांकडून. दोन्ही गोष्टींत शर्ट तेवढा एक होता.

तेव्हा काकू अजून काकू झाल्या नव्हत्या. लग्न नवं होतं, पोटात मूल होतं आणि खोली हीच होती. गल्लीत एक सिनेमावाला आला. उंच, बारीक, पांढरे कपडे, विचार करताना एका पायावर भार टाकून उभा राहायचा. गल्लीने त्याचं नाव बगळा ठेवलं. तो दोन दिवस नुसता हिंडला, भिंतींवरून हात फिरवला, गटाराशी उकिडवा बसून काहीतरी न्याहाळत राहिला. मग त्याने सांगितलं, याच गल्लीत सिनेमा घ्यायचा. खोटी गल्ली उभारायची नाही, रंगवलेले चेहरे आणायचे नाहीत, आहे ते आहे तसं दाखवायचं.

गल्ली हुरळून गेली. आपल्याला जग बघणार! आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून पहाटेपासून रस्ता झाडला, गटार धुतलं, भिंतींना चुना लावला, दारांवर तेलाचा हात फिरवला. कोळशाच्या वखारवाल्याने कोळसा झाकायला चांगली कोरी चादर काढली. पोरांच्या नाकांची तर खैर राहिली नाही, दिसलं नाक की पूस. सकाळी बगळा आला आणि नव्या नवरीसारख्या उजळ गल्लीकडे बघून त्याने मटकन पायरीवर बसून घेतलं.

"हे काय केलंत तुम्ही?" तो म्हणाला.

"नको नको, आभार कशाला," वखारवाला म्हणाला.

चुन्यावर पुन्हा काजळी चढवायला गल्लीला दोन दिवस लागले. लोक मन लावून आपलीच भिंत मळवत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, माणूस चांगला आहे, पण डोक्याने जरा कमी आहे.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा आणि त्याची धाकटी बहीण. बाप नाही, आई चार घरची भांडी घासते. पोरगा बर्फाची लादी हातगाडीवर घालून दुकानांना पोचवतो. बर्फ वितळायच्या आत पोचायला हवं, नाहीतर काम जाईल. शेवटी ते जातंच आणि तो कारखान्याच्या फाटकावर काम मागायला उभा राहतो. तो पोरगाही कुठल्याशा दुसऱ्या वस्तीतून शोधून आणलेला, आयुष्यात कॅमेऱ्यासमोर न आलेला. गल्लीत गाडी ढकलताना तिच्या कडेचा खिळा त्याच्या बाहीत अडकला आणि कोपरापाशी शर्ट टरकन फाटला. बगळा एका पायावरून दोन पायांवर आला. "असंच! असंच राहू दे! उद्या कारखान्याच्या फाटकावर तू ह्याच शर्टात उभा राहणार."

संध्याकाळी काम आटोपल्यावर पोरगा काकूंच्या जिन्याच्या पायरीवर पाव खात बसला होता. फाटलेली बाही लोंबत होती. सिनेमाची मोटार त्याला घरी सोडायला यायची होती. काकू खाली उतरल्या, त्यांनी बाही बघितली आणि त्यांचे हात शिवशिवले.

"काढ तो शर्ट."

"ते ओरडतील."

"शर्ट फाटला म्हणून ओरडतील, शिवला म्हणून कोण ओरडतं? काढ."

उजेड होता तोवर त्यांनी खिडकीशी बसून तो रफू संपवला. पातळ, धुऊन धुऊन विरलेलं चौकटीचं कापड. चौकटीला चौकट जुळवायची म्हणजे खेळ नव्हे. वर ओलं फडकं ठेवून खालच्या लाँड्रीतली इस्त्री फिरवली आणि शर्ट पोराच्या अंगात घातला. पोराने कोपर वळवून वळवून बघितलं. काहीच दिसेना. मग त्याने दोन बोटांनी तिथे चाचपलं आणि हसला. डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही. रफूखाली कापड किंचित जाड लागतं.

सकाळी गल्लीने बगळ्याचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला.

"कोणी केलं हे? मला फाटका हवा होता! गरिबाचा पोरगा आहे तो!"

काकू पोट सांभाळत जिना उतरल्या. "मी केलं. गरिबाचा आहे, मग आई नाही का त्याला? तुमच्याच गोष्टीत आहे ना आई? पोरगं कामावर उभं राहणार आणि आई त्याला फाटक्या बाहीने पाठवेल? अहो, घरात सुई नसेल तर शेजारून आणेल ती."

बगळा एका पायावर उभा राहिला. मग त्याने पोराला मोटारीत बसवलं आणि सगळी मंडळी कारखान्याकडे निघून गेली. ती परत गल्लीत आली नाहीत.

सिनेमा आला तेव्हा काकू बाळंतपणात अडकलेल्या. तो जेमतेम आठवडाभर चालला आणि उतरला. पुढे लोक म्हणायला लागले की फार मोठा सिनेमा होता, बाहेरच्या देशांत नावाजला. पण तोवर त्याची रिळं कुठे गडप झाली कोण जाणे.

तेव्हापासून वाद. काकू म्हणायच्या, त्याने माझा रफू ठेवला असणार. काका म्हणायचे, "कोपऱ्यावर मोटार वळायच्या आत फाडला असेल त्याने." काकू म्हणायच्या, रफू केलेला कपडा कोणी पुन्हा फाडत नाही. काका म्हणायचे, "मग दुसरा शर्ट दिला असेल. आणि समज ठेवला, तरी तुला कळणार कसं? दिसला तर तुझं काम कच्चं. नाही दिसला तर पुरावा नाही. तुझं तिकीट दोन्हीकडून फाटलेलं आहे."

ह्यावर काकू सुईत दोरा ओवायला लागायच्या. आपण जन्मभर न दिसण्यासाठी कष्ट केले आणि आता आपल्यालाच बघायचंय, ही काय रीत, असं त्यांना वाटायचं. पण वाटणं काही जात नव्हतं. बाकीचे सगळे कपडे फडकी झाले. हा एक कुठेतरी उरला असेल तर तो जसाच्या तसा उरला असेल. उरलाच नसेल, कात्रीने उसवून फेकला असेल, तर त्या दिवशी पायरीवर आपण जे बोललो ते त्या माणसाला पटलं नव्हतं. म्हणजे गरिबाची आई कशी असते हे जगाला चुकीचंच कळलं.

आणि एका दुपारी नात दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. "आजी! तुझा बर्फाचा सिनेमा सापडला! रिळं साफ केलीत, रविवारी लावतायत. एक खेळ दुपारी, एक संध्याकाळी."

काकूंच्या हातातली सुई थांबली. काका पेपरमागून म्हणाले, "संपूर्ण गाडी रिझर्व्ह करा."

रविवारी चौघं निघाली. काकू, काका, सून आणि नात. मुलाला कामावर सुट्टी नव्हती. "माझ्या वाटचा तूच बघ," असं तो आईला सांगून गेला होता. सुनेने जाता जाता बजावलं, "आई, फाटकाचा सीन आला की आम्ही सगळ्यांनी बाहीकडेच बघायचं ना? नाहीतर पुन्हा वीस वर्षं हेच ऐकायला लागेल मला."

"मी बघते ना. तुम्ही सिनेमा बघा," काकू म्हणाल्या.

"मी पण बाहीच बघणार," काका म्हणाले. "तपासनीस दोन असलेले बरे."

थिएटर जुनं होतं. खुर्च्यांच्या गाद्या ठिकठिकाणी फाटलेल्या होत्या. काकूंचं बोट आपसूक एका भोकात गेलं आणि त्यांनी ते ओढून बाहेर काढलं. दिवे गेले.

आणि गल्ली आली. काळी, पांढरी, करडी. तीच पायरी, तीच वखार, पुन्हा मळवलेली भिंत. काकूंना वाटलं होतं, आपण ओळखीचं काही शोधत बसू. पण पोरगा आला, लादीवर भुसा टाकला, गोणपाट गुंडाळलं आणि गाडी ढकलायला लागला आणि काकूंचं शोधणं राहूनच गेलं. बर्फ वितळत होता. मागे रस्त्यावर पाण्याची बारीक रेघ उमटत होती आणि ती रेघ बघून काकू खुर्चीच्या कडेला सरकल्या. चल रे, पळ.

धाकटी बहीण हट्ट करून गाडीवर चढली. पोराने तिला बर्फाचा एक कपचा काढून दिला. तिने तो मुठीत घट्ट धरला, आईला दाखवायचा म्हणून. घरापर्यंत पळत आली, आईपुढे मूठ उघडली, तर मुठीत काही नाही. पोरीने दुसरी मूठ उघडून बघितली. तीही रिकामी. मग तिने भावाच्या मुठी उघडल्या. थिएटरात हशा पिकला. पडद्यावरची आईही हसली, ओल्या हातांनी पोरीचं तोंड पुसलं, आणि हसता हसता तिने तोंड फिरवलं. काकूही हसत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. दोन्ही कामं एकाच वेळी कशी चालली आहेत हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. गरिबी त्यांनी जन्मभर बघितली होती, पण ती दुरून कधी बघितली नव्हती. दुरून बघितल्यावर तिच्यात इतका उजेड दिसेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग फाटक आलं. बरीच पोरं ओळीत उभी. मुकादम एकेकाकडे बघत चाललेला. काहींनाच काम मिळणार. कॅमेरा हळूहळू पोराच्या जवळ गेला. पोरगा छाती काढून उभा होता, ओठ मिटलेले, नजर मुकादमावर. मुकादम त्याच्यासमोर आला, थांबला आणि पुढे गेला. काकूंनी सुनेचा हात एवढा आवळला की तिची बांगडी रुतली. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मुकादम चार पावलं गेला, मागे वळला आणि बोटाने म्हणाला, तू.

काकू मोठ्यांदा म्हणाल्या, "बरं झालं बाई!" पुढच्या रांगेतून कोणीतरी मागे वळून हसलं.

बाहेर उजेडात आल्यावर नातीने विचारलं, "मग आजी? काय झालं? होता?"

"काय होता?"

"अगं, रफू!"

काकू रस्त्याच्या मधोमध थांबल्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "मी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या तोंडाकडे बघत होते."

"आई!" सून म्हणाली. "मीही नाही बघितलं. तुम्ही माझा हात धरला होता, मला हाताचंच पडलं होतं."

"मी पण तोंडाकडेच बघत होते," नात म्हणाली.

तिघींनी काकांकडे बघितलं. काका रुमालाने चष्मा पुसत होते, सावकाश, जितका पुसायला हवा त्याहून जास्त.

"बघितलं मी," ते म्हणाले. "बाहीवरून नजर काढली नाही. फाटलेला नव्हता शर्ट. तोच होता, चौकटीचा."

"दुसरा असेल," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षं नवऱ्याने जे म्हटलं, ते आज त्यांच्याच तोंडून निघालं.

"दुसरा नव्हे. तो पोरगा उभा होता ना, तर त्याची दोन बोटं सारखी कोपरापाशी जात होती. चाचपत होता. नवा शर्ट कोण कशाला चाचपेल? त्या बगळ्याने त्याला तसं करायला सांगितलं असणार. तुझं म्हणणं त्याने घेतलं. हरलो मी."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस उभ्या जन्मात हरला नव्हता. पत्त्यांत नाही, भाजीवाल्याशी नाही. त्या हसल्या, मग त्यांनी मान हलवली.

"माझी समजूत काढताय."

"कंडक्टर माणूस आहे मी, आयुष्यभर लोकांच्या हातांकडे बघितलंय."

"माझा मान ठेवायला सांगताय. मला कळतं."

"अगं, खरंच..."

"संध्याकाळचा खेळ किती वाजता आहे?" काकूंनी नातीला विचारलं.

सून घरी गेली, सकाळची भांडी पडली होती. नात तिथेच भेटलेल्या मैत्रिणींबरोबर राहिली. समोरच्या हॉटेलात चहा घेऊन काकू आणि काका पुन्हा आत शिरले, त्याच फाटक्या गाद्यांवर. काकू म्हणाल्या, ह्या वेळी मी तोंडाकडे बघणारच नाही. गल्ली आली, बर्फ आला, मूठ उघडली आणि लोक हसले. काकू मनाला लगाम घालून बसल्या होत्या.

फाटक आलं. काकूंनी डोळे बाहीवर रोवले. कॅमेरा पुढे सरकला आणि बाही मोठी होत गेली. खोलीच्या दाराएवढी झाली. दोऱ्यांचं विणकाम दिसायला लागलं, चौकट दिसायला लागली. काकू श्वास रोखून शोधत होत्या. फाटलेलं कुठेच नव्हतं. रफूही कुठे नव्हता. चौकट कोपरावरून सरळ चालत गेली होती, एका दोऱ्याचाही तोल गेला नव्हता. दाराएवढ्या कापडात त्यांना स्वतःला, ते विणणाऱ्या हातांना, आपलं काम सापडेना.

मग पोराची दोन बोटं तिथे आली. नेमकी तिथेच. त्यांनी हळूच चाचपलं, थांबली, पुन्हा चाचपलं. घरातून निघताना आईने पाठीवर हात ठेवावा आणि तो हात तिथेच राहून जावा, तसा तो पोरगा त्या जागेला धरून उभा होता. त्याचे खांदे सरळ झाले.

काकूंना ओरडावंसं वाटलं. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरून हलवलं. "अहो! खरं सांगत होतात तुम्ही! बघितलंत?"

काका खुर्चीच्या अगदी टोकावर आले होते. चष्म्याखालून पाणी गालावर आलं होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. दुपारभर त्यांनी एक बाहीच तेवढी बघितली होती, सिनेमा आत्ता पहिल्यांदा बघत होते.

"शू!" ते म्हणाले. "गप्प बस जरा. मुकादम आला. घेतोय की नाही तो त्याला?"

काकूंना ठाऊक होतं. पण त्यांनी सांगितलं नाही.